निरोप

साडेआठ वाजले की पोरं
एका हातानं भाकरी मोडतात
आणि दुसऱ्या हाताखाली वही दाबून धरतात.
औसा रोडवरचे सगळे क्लास
माझ्या पत्र्याखाली येऊन पुटपुटतात:
गॅस्ट्रिन, सिक्रेटिन, कोलेसिस्टोकायनिन.

पहिल्या वर्षी मला वाटलं,
वर्गातल्या पोरींची नावं असतील.
आता भांडी घासताना माझ्याबी तोंडात येतात.

कंधारची शाहीन, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली,
आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेला नळ्या काढते.
हे पोट, मावशी. इथं घास पडला
की भिंतीतूनच सांगावा निघतो, आंबट सोडा.
ते आंबट पुढं सरकलं, आतड्याच्या तोंडाशी आलं,
की तिथून स्वादुपिंडाला कळवलं जातं,
खार पाठव, सोड्यासारखा,
नाहीतर सगळं भाजून निघंल.

कोण जातं सांगायला?
कुणीच नाही. रक्तातून जातो निरोप.

मी म्हणलं, मग आमच्यासारखंच.
मी कुठं हाका मारते?
येसराची फोडणी गल्लीत गेली
की तुमच्या चपला वाजतात जिन्यावर.

तिनं आमटीवरचा तेलाचा तवंग दाखवला.
हे करडईचं तेल आतड्याला लागलं
की तिसरीचं काम सुरू.
ती पित्ताच्या पिशवीला म्हणते, आवळ.
पिशवी आवळते, पित्त उतरतं,
तेल फुटून बारीक बारीक होतं,
मगच अंगी लागतं.

आणि पिशवीच नसली तर?

तिचं बोट ताटावर थांबलं.

माझी काढली गेल्या पौषात.
डॉक्टरनं बाटलीत खडे दाखवले, चौदा,
निवडायच्या राहून गेलेल्या डाळीतल्यासारखे.
आमच्या मालकांनी विचारलं, घरी न्यायचे असतेत का?

शाहीननं वही मागंपुढं केली.
असा प्रश्न पेपरात येत नाही, म्हणली.
पण दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आली, दारातूनच सांगत:
यकृत थेंब थेंब सोडत राहतं, मावशी,
तुम्ही जेवा का नका जेवू.
साठवायला जागा नाही ना.

आणि निरोप?

निरोप निघतोच. दर जेवणाला.

मालकांचं वेगळं आहे.
त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, ताकाच्या तांब्याशेजारी.
गोड आतड्यात उतरताच आतडं म्हणे आगाऊ कळवतं,
साखर येऊ लागली, तयारीत राहा.
त्यांच्याकडं कळवणारंबी दमलंय, ऐकणारंबी.
तरी संक्रांतीला पोळी मागतात.
मी अर्धी देते. मग सुई.

रात्री अकराला ओटा पुसून मी जेवायला बसते.
दोन भाकरी, पातेल्याच्या कडेची आमटी.
तेल वरच राहिलेलं असतं, तेच जास्त येतं वाट्याला.
तेव्हा ध्यानात येतं, आत आता कोणतरी निघालं असंल,
ओळखीच्या वाटेनं, ओळखीच्या दारी,
आवळ म्हणायला.
तिथं नुसते टाके.
मी पाण्याचा घोट घेते
आणि उगंच त्या बाजूला हात ठेवते.

तोच निरोप वर डोक्याकडंबी जातो म्हणे:
पुरे आता.
त्याला वीस मिनिटं लागतात.
म्हणून मी दुसरी भाकरी सावकाश शेकते.
पोरं आपसात म्हणतात, मावशी हात आखडती घ्यायली.
म्हणू द्या.

शाहीनचं उलटं.
परीक्षा जवळ आली की अर्धी भाकरी, चार मिनिटं,
आणि ताट सारून उभीच.

बस, म्हणते मी.
ती घड्याळाकडं बघते.
बस म्हणलं ना. पोचू दे.
अंबाडीची भाजी वाढते, वर कच्चं तेल सोडते,
आणि ती वही मिटते,
का वहीत बोट घालून ठेवते,
ते चुलीपासून मला नीट दिसत नाही.